मोजून नेतो, मोजून आणतो

आमचा अध्यक्ष मोर्चात सगळ्यात मागे चालायचा. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "का बुवा, पोलिसांना भीत होता काय?" आता यांना काय सांगायचं! पोलिसांना भिणारा माणूस मागे चालत नाही, तो मोर्चाला येतच नाही. हा यायचा. चांगला उंच गडी, खांद्यावर काळी घोंगडी, पायात करकरणाऱ्या वहाणा. घोषणा देणाऱ्या पोरांच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून, मान इकडून तिकडे फिरवत तो चालायचा. नव्या माणसाला वाटायचं, खेड्यातला कुणीतरी बाजाराला आलाय आणि गंमत बघत मागोमाग निघालाय.

मी मंडळाचा चिटणीस होतो आणि मला त्याची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला बरं पडेल.

सोलापुरात तेव्हा विद्यार्थ्यांची मंडळं काय कमी होती? जूनमध्ये कॉलेज उघडलं की निघायची आणि दिवाळीला गुंडाळली जायची. पहिल्या सभेला शंभर डोकी, दुसरीला तीस, तिसरीला अध्यक्ष आणि चहाचे ग्लास न्यायला आलेला हॉटेलवाला. आमचं मंडळ मात्र एक्केचाळीस जणांनी सुरू झालं आणि तिसऱ्या वर्षीही एक्केचाळीसच होतं. हे माझ्या भाषणांमुळे झालं असं मला तेव्हा वाटायचं. भाषणं मी फर्डी करायचो. अध्यक्षाला भाषण येत नव्हतं. उभा राहायचा, घोंगडी सावरायचा, "मंडळी, समदी आलाय. बरं वाटलं," म्हणायचा आणि बसायचा. झालं अध्यक्षीय भाषण!

तो मंगळवेढ्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा आपटलेला. अध्यक्ष तरी कसा झाला? निवडणुकीच्या दिवशी दोन गटांची जुंपली, खुर्च्या उडाल्या, आणि सगळे दमून खाली बसले तेव्हा हा एकटा उभा राहून ओठ हलवत बोटांची पेरं मोजत होता. कुणीतरी विचारलं, "काय मोजतोस रे?" तर म्हणाला, "दोगं कमी हायती. मारामारीत कुटं पडली न्हाईत न्हवं, बगा की जरा." बघितलं तर खरंच, एकजण जिन्याखाली डोकं धरून बसला होता आणि दुसरा त्याला पाणी पाजत होता. त्याच दिवशी दोन्ही गटांनी याला अध्यक्ष केला.

मोजणी म्हणजे त्याचा श्वास. आणि तीही आपल्यासारखी नाही, विसांची. घरी मेंढरं तशीच मोजत असत. एक ईस, दोन इसा, तीन इसा. आम्ही एक्केचाळीस, म्हणजे "दोन इसा आन् एक". सभेआधी मोजायचा, सिनेमाला गेलो तर मध्यंतरात मोजायचा, सात रस्ता चौकातल्या हॉटेलात आम्ही भजी खायला घुसलो तर हा दारात उभा राहून मोजायचा आणि मगच आत यायचा. आकडा जुळल्याशिवाय सभा सुरू होत नसे. नावं त्याच्या ध्यानात राहत नसत. माणूस तो चालीवरून ओळखायचा. मला एकदा म्हणाला, "चिटणीस, तू म्होरं बगून चालतोस, पर तुजं कान मागं असत्यात. कोन काय बोलतंय तुज्याबद्दल, त्येच्याकडं." मला राग आला, कारण ते खरं होतं.

मागे का चालतो म्हणून मीच त्याला विचारलं होतं. म्हणाला, "म्होरल्याला काय, वाट दिसती, त्यो जातोय. मागं पडतंय त्ये कुनाला दिसतंय? मेंढक्या म्होरं चालाय लागला तर लांडग्याचं काम सोपं झालं की."

पोरांना मंडळात टिकवायची त्याची रीतही त्याचीच. "काम न्हाय त्ये पळतंय," हे त्याचं पालुपद. म्हणून एक्केचाळीस जणांना एक्केचाळीस कामं. एकाकडे माठ भरायचं, एकाकडे सतरंजी झटकायचं, एकाकडे फक्त सभेनंतर दिवे मालवायचं. दिवे मालवणारा पोरगा शेवटपर्यंत थांबणारच, त्याला जाऊन सांगतो कुणाला! मी हसायचो. पण तिसऱ्या वर्षीही तो पोरगा शेवटचा जात होता.

आणि काम देऊनही कुणी दोन सभा चुकवल्या, तर हा थेट त्याच्या घरी. मीच एकदा रुसलो होतो. माझा ठराव फेटाळला गेला होता, म्हणून राजीनामा लिहून घरी बसलो. आमचं घर भवानी पेठेत, घरात कापड विणायचे दोन माग. सकाळी उठून बघतो तर अध्यक्ष उंबऱ्यावर. मी आतल्या खोलीत दडून राहिलो. आईला मराठी जेमतेम, याला तेलुगू शून्य. पण दुपारी बाहेर आलो तर हा आईशेजारी मांडी घालून कांड्या भरत होता आणि आई त्याला सुताची गाठ कशी मारायची ते शिकवत होती! दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. राजीनाम्याचा एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी आईच माझ्यावर डाफरली, "जा रे त्याच्याबरोबर, किती दिवस बसायचं त्या पोराने?" गेलो. तो माझ्या मागून चालत आला, कॉलेजच्या फाटकापर्यंत.

आता शरणप्पाचं सांगायला हवं.

शरणप्पा दुधनीचा. बापाचं भुसार मालाचं दुकान, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत तोंड सारखंच सुटलेलं. अंगाने गोल, स्वभावाने आळशी, सभेला नेहमी सगळ्यांत शेवटी यायचा. अध्यक्षाचे "दोन इसा" मोजून व्हायचे, अंगठा पेरावर थांबून राहायचा, आणि मग दारात हा धापा टाकत उभा. "आन् एक," अध्यक्ष म्हणायचा, "जमलं." आम्ही शरणप्पाला पुढे 'आनेक' म्हणूनच हाक मारायला लागलो. त्याला कशातच रस नव्हता, नुसती टिंगल. चारदा मंडळ सोडून गेला, चारदा अध्यक्ष त्याच्या खोलीवर जाऊन बसला. शेवटी त्याने शरणप्पाला काम दिलं ते असं: प्रत्येक ठरावाला विरोध करायचा. ठराव चांगला असो वाईट असो, शरणप्पाने उठून त्याच्या विरुद्ध बोललंच पाहिजे. गडी जो खुलला! माझ्या प्रत्येक ठरावाची साल काढायचा. सभा त्याच्यामुळे भरायची, हे आज कबूल करतो. माझं भाषण ऐकायला नाही, तर त्यानंतर तो काय बोलतो ते ऐकायला पोरं थांबायची.

बहात्तरच्या दुष्काळात होस्टेलची मेस बंद पडायची वेळ आली. कोरड्या तालुक्यांतली पोरं एका वेळच्या चहा-पावावर राहत होती. मी ठराव मांडला की दुधनीपासून सोलापुरापर्यंत चालत जायचं, वाटेतल्या गावागावांत सह्या-अंगठे घ्यायचे आणि जिल्हा कचेरीवर निवेदन द्यायचं, दुष्काळी भागातल्या पोरांची मेस सरकारने चालवावी म्हणून. शरणप्पा उठला. "विरोध," म्हणाला. "उन्हात चालून पोट भरत असतं तर आमची म्हैस एव्हाना सावकार झाली असती." सगळे खो खो हसले. ठराव मंजूर झाला. आणि यायला नाव पहिलं त्यानेच दिलं.

घरून मात्र नकार. त्याची आई "ब्याड, ब्याड" म्हणत राहिली. नको, नको. पोरगं एकुलतं. आम्ही दुधनीला पोचलो त्या दिवशी अध्यक्ष तिच्यासमोर दुकानाच्या पायरीवर बसला. मी शेजारी होतो. तो म्हणाला, "अव्वा, माज्या घरात तीन पिढ्या मेंढरं हायती. एक हरवलं तर आमी जेवत न्हाई. तुमचं पोरगं मोजून नेतो, मोजून आनतो." तिला सगळं कळलं असेल-नसेल. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, आत गेली आणि शेंगाचटणी नि कडक भाकऱ्यांचं गाठोडं आणून त्याच्या हातात दिलं. शरणप्पाच्या नाही, त्याच्या.

होळी होऊन गेली होती. ऊन म्हणजे काय, दगडसुद्धा मऊ पडतील असं. पहिले दोन दिवस नीट गेले. तो मागे, आम्ही पुढे. तिसऱ्या दिवशी सकाळपासून शरणप्पाचं पोट बिघडलं. वाटेतल्या कुठल्यातरी विहिरीचं गाळाचं पाणी. दोनदा ओकला. त्यातही म्हणाला, "माझा ठरावाला विरोध होता, नोंद घ्या."

कुंभारीच्या आसपास निरोप आला, सोलापूरच्या वेशीवर, अक्कलकोट नाक्यावर पेपरवाल्यांचा फोटोग्राफर येऊन थांबलाय. माझ्या अंगात आलं. मी अध्यक्षाला गाठलं. म्हटलं, आज तुम्ही पुढे चाला. तो नाही म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा नाही. तेव्हा मी जे बोललो ते असं: "उद्या पेपरात फोटो येणार, आणि अध्यक्ष कुठे तर मागे मेंढरं हाकतोय! आम्ही काय मेंढरं आहोत? लोक तुम्हाला हसतात, अध्यक्ष. आम्हाला हसतात."

तो थांबला. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा बघितला. मग त्याने खांद्यावरची घोंगडी काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली. "ही मागल्याची हाय," म्हणाला. "मी म्होरनं हाळी देतो, तू मोजून सांगायचं. मागलं सोडू नगंस, चिटणीस." आणि लांब टांगा टाकत पुढे गेला.

मी मागे राहिलो. दोनदा त्याची हाळी आली, "किती?" मी मोजलं आणि ओरडलो, "दोन इसा आन् एक!" मग शरणप्पा रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसला. चेहरा पांढराफटक. मला म्हणाला, "नी होगो, ना बर्तीनि." तू हो पुढं, मी येतो. मी म्हटलं, थांबतो. तो म्हणाला, "अरे जा की, फोटो चुकेल तुझा." टिंगलच ती. पण नाका दिसायला लागला होता. मी खांद्यावरची घोंगडी त्याच्या अंगावर घातली. ऊन लागू नये म्हणून, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. घोंगडी जड होती, टोचत होती आणि फोटोत बरी दिसली नसती. म्हटलं, नाक्यावरून कुणालातरी पाठवतो. आणि पळालो.

पळता पळताच हाळी आली, "किती?"

मी मोजलं नाही. मोजायचं काय त्यात, मला ठाऊक होतं किती आहेत. मी ओरडलो, "दोन इसा आन् एक!"

नाक्यावर फोटो निघाला. त्यात मी दुसऱ्या रांगेत, मान उंच करून. मग शहरातली पोरं मिळाली, बघता बघता दोन-अडीचशेंचा जमाव झाला, हार, घोषणा. कुणाला पाठवायचं होतं ते कुठल्याकुठे राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, आठवलं होतं एकदा, सात रस्त्यावर. वाटलं, आला असेल मागून, किंवा बैलगाडीत बसून सरळ खोलीवर गेला असेल, आळशी तो. कचेरीसमोर मी वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. विरोध करायला कुणी उठलं नाही, हे तेव्हासुद्धा चमत्कारिक वाटलं होतं.

पाच वाजता होस्टेलच्या अंगणात अध्यक्षाने मोजायला घेतलं. दोन इसा झाले. अंगठा पेरावर थांबला. आम्ही सगळे सवयीने दाराकडे बघायला लागलो. कुणीतरी म्हणालं, "येईल हो आनेक, कधी वेळेवर आलाय?" अध्यक्षाने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे. मी म्हटलं, "कुंभारीच्या पुढे... कडुनिंबाखाली..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो पळत सुटला होता.

आम्ही सायकली घेऊन मागोमाग गेलो. रस्त्याकडेला घोंगडी पांघरून शरणप्पा झोपल्यासारखा पडला होता, तोंडावरून घोंगडी ओढून. दिवसभर गाड्या गेल्या, बैलगाड्या गेल्या, बाजाराला जाणारी माणसं गेली. घोंगडी घेऊन झाडाखाली पडलेला माणूस दिसला तर आपल्याकडे कोण उठवतं? एक म्हातारी तिथे शेरडं चारत होती. म्हणाली, "मला वाटलं, कुनी धनगर निजलाय." अंग गरम होतं, पण ते उन्हाने. अध्यक्ष त्याच्या उशाशी बसला होता. त्याने माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. घोंगडीचं टोक तेवढं हातात धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमधून दुधनीला गेलो. आई दारात उभी होती. निरोप आधीच पोचला होता. मला वाटलं, ही आता अध्यक्षाच्या अंगावर धावून जाणार. गेली नाही. तिने एवढंच विचारलं, "मोजला नव्हता काय रे?"

मी त्याच्या मागे उभा होतो. दोन पावलं पुढे व्हायचं होतं फक्त. दोन पावलं!

"मोजला, अव्वा," तो म्हणाला. "माजी मोजनी चुकली."

गर्दीतून कुणीतरी धोंडा मारला. त्याच्या कपाळाला लागला, रक्त आलं. त्याने ते पुसलं नाही. शरणप्पाला त्यांच्या लिंगायत रीतीने मातीत बसवला तेव्हा ती घोंगडीही आत गेली. परत येताना त्याचा मोकळा खांदा बघवत नव्हता.

सरकारने मेस सुरू केली. खरंच केली, पंधरा दिवसांत. पहिल्या पंगतीला अध्यक्ष दारात उभा राहिला. ताटांवर बसलेली पोरं त्याने मोजली, ओठ हलवत, तशीच. आपल्या मंडळातलीच नव्हे, सगळी. किती इसा झाले कुणाला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "अध्यक्ष, बसा की." तो म्हणाला, "न्हाई. एक हरवलं तर आमी जेवत न्हाई." आणि गेला. परीक्षेला बसला नाही, होस्टेलातली ट्रंकही न्यायला आला नाही. मी त्या मेसमध्ये दोन वर्षं जेवलो. घर गावात असून जेवलो. मंडळाला अध्यक्ष मला केलं. पहिल्या सभेला शंभर आले, दुसरीला तीस, पुढे विचारू नका. दिवे मालवणारा पोरगासुद्धा आला नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी तो मला सात रस्त्यावर भेटला. मी तोवर शाळेत मास्तर झालो होतो. डोक्याला पटका, खांदा अजून मोकळाच. कचेरीत कसल्यातरी उताऱ्यासाठी आला होता. मला त्याने मागूनच ओळखलं. "चिटणीस," म्हणाला, "चाल बदलली न्हाय की तुजी." आम्ही चहा घेतला. मेंढरांचं बोलला, पावसाचं बोलला, माझ्या आईला अजून माग झेपतो का विचारलं. मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "येक इचारू? त्या दिशी, शेवटली हाळी दिली मी. तवा मोजलं हुतंस?"

त्याला माहीत होतं. घोंगडी कुणाच्या अंगावर सापडली ते त्यानेच तर बघितलं होतं. माहीत असून विचारत होता, आणि रागाने नव्हे. आजारी माणसाच्या पाठीखाली हात घालून त्याला उठवून बसवावं, तसं विचारत होता. मला फक्त नाही म्हणायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "मोजलं होतं की."

त्याने बशी उचलली. "बरं," म्हणाला. चहा प्यायला. उठला. मला वाटलं, एस.टी. स्टँडकडे वळेल. पण म्हणाला, "हो म्होरं. घरापातूर येतो."

सात रस्ता ते भवानी पेठ. मी पुढे, तो मागे, दहा पावलांवर. करकर वहाणा वाजत होत्या. मला वाटत होतं, वळावं आणि भर रस्त्यात त्याचे पाय धरावेत. वाटत होतं नुसतं. मी चालत राहिलो, नाकासमोर बघून, कान मागे ठेवून.

आमच्या उंबऱ्यापाशी पोचलो तेव्हा मी वळलो. तो गल्लीच्या मधोमध उभा होता. अंगठा बोटाच्या पेरावर टेकवून त्याने मला मोजलं.

"आन् एक," म्हणाला. "पोचला." आणि माघारी फिरला.

माग थांबवून आईने आतून विचारलं, कोण आलं होतं रे?

मी म्हटलं, कुणी नाही.